इंजिनाचा श्वास आणि ऑईलचा खप



"साहेब, इंजिन लई ऑईल खातंय," ही तक्रार गावोगावी ऐकू येते. त्यावर बहुतेक ठिकाणी एकच निदान ठरलेले असते, ते म्हणजे रिंगा गेल्या. मग इंजिन उघडायचे, रिंगा बदलायच्या, जमले तर लायनरही बदलायचा. हजारो रुपये खर्च होतात, ऐन पाण्याच्या पाळीत चार-आठ दिवस मोडतात, आणि पुष्कळदा महिन्याभरात तीच तक्रार परत येते. कारण दोष रिंगांत नसतोच. इंजिनाच्या अंगाला एक छोटीशी नळी किंवा टोपी असते, तिला ब्रिदर म्हणतात. ब्रिदर म्हणजे श्वास घेणारा. तो चोंदलेला असतो, किंवा त्यातली चकती पडून गेलेली असते.

नांगराचा फाळ, पंपाचा फुटबॉल, डिझेलचा फिल्टर या वस्तू आपण ओळखतो. ब्रिदरकडे मात्र कोणी बघत नाही. तो इंजिनावर का आला, कोणत्या अडचणीतून आला, ही गोष्ट जरा मागून सांगतो. कारण एकदा का हे समजले, की तो कसा सांभाळायचा हे वेगळे शिकवावे लागत नाही.

ऑईल जाते तरी कुठे?

इंजिनात घातलेले ऑईल तीनच वाटांनी कमी होते. एक, वर सिलिंडरात चढून जळते. मग धुराड्यातून निळसर धूर येतो. दोन, पॅकिंग, सील किंवा क्रँकच्या टोकाशी गळते; मग इंजिनाखालची जमीन काळी होते. तीन, बारीक धुक्याच्या रूपाने ब्रिदरमधून बाहेर उडते. या तिन्ही वाटांवर एका गोष्टीचा अंमल चालतो. ती म्हणजे क्रँककेसमधला दाब. आपले मिस्त्री क्रँककेसला चेंबर म्हणतात. क्रँक फिरतो ती खालची पेटी, आणि तिच्याच तळाशी ऑईल असते.

रिंगा कितीही चांगल्या असोत, स्फोटाच्या वेळी थोडा गॅस पिस्टनच्या कडेने खाली चेंबरमध्ये उतरतोच. मिस्त्री लोक त्याला "बॅक कॉम्प्रेशन" म्हणतात. नव्या इंजिनात तो थोडा, झिजलेल्यात जास्त. हा गॅस बाहेर जायला वाट हवी. वाट नसली की दाब वाढतो, आणि दाब वाढला की ऑईलला ढकलून बाहेर काढतो. झाकण घट्ट लावून डाळ उकळायला ठेवली तर फेस कडेने बाहेर येणारच. इथेही तसेच आहे.

उघड्या क्रँकचा काळ

पहिल्या इंजिनांना ब्रिदर नव्हता, कारण त्यांना चेंबरच नव्हता. १८७६ साली जर्मनीत निकोलाउस ऑटो यांनी चार स्ट्रोकचे इंजिन यशस्वी करून दाखवले. त्या काळातली इंजिने आडवी, अवजड आणि सावकाश चालणारी असत. पिस्टनची मागची बाजू आणि क्रँक सरळ उघड्यावर असे. बॅक कॉम्प्रेशनचा गॅस तसाच हवेत जाई. सिलिंडरवर काचेचे तेलपात्र बसवलेले असे, त्यातून थेंब-थेंब ऑईल पडे, काम करून खाली गळून जाई. एकदा वापरलेले ऑईल परत फिरवायची सोय नव्हती. इंजिनाजवळ हातात तेलाची पिचकारी घेऊन माणूस उभाच असे.

म्हणजे त्या काळात इंजिनाने ऑईल खाणे हा दोष नव्हता, ती रीतच होती. इंग्लंडात ग्रँथमच्या हॉर्न्सबी कारखान्याने १८९० नंतरच्या दशकात हर्बर्ट अ‍ॅक्रॉईड स्टुअर्ट यांच्या पद्धतीची जी तेल-इंजिने विकली, त्यांचीही तऱ्हा अशीच होती. फायदा एकच, की दाब साठायचा प्रश्न नव्हता. तोटे मात्र दोन. ऑईलची नासाडी, आणि धूळ. शेतावरची धूळ, मळणीचा भुसा उघड्या क्रँकवर बसे आणि ऑईलमध्ये मिसळून बेअरिंगे घासून काढी.

पेटी बंद झाली, श्वास कोंडला

यावर उपाय निघाला तो क्रँकला पेटीत बंद करण्याचा. १८८५ साली जर्मनीतच गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी जे हलके, उभे, वेगवान इंजिन केले, त्याचा क्रँक बंद पेटीत होता. धूळ बाहेर राहिली. पुढे पेटीच्या तळाशी ऑईल ठेवून, क्रँकने ते उडवून सगळीकडे पोचवायची युक्ती रूढ झाली. तेच ऑईल परत खाली गळे आणि परत उडे. ऑईलचा खप एकदम उतरला.

पण एक प्रश्न सुटला की दुसरा दारात उभा असतो. पेटी बंद केल्यावर गॅस जाणार कुठे? तो आत साठू लागला. पॅकिंगमधून ऑईल झिरपू लागले. गॅसाबरोबर वाफ आणि अर्धवट जळलेले इंधनही चेंबरमध्ये उतरे. अमेरिकेत १९१७ पासून विकल्या गेलेल्या फोर्डसन ट्रॅक्टरसारखी इंजिने सुरू पेट्रोलवर होत आणि चालत रॉकेलवर. न जळलेले रॉकेल ऑईलमध्ये उतरून ते पाण्यासारखे पातळ होई. काडी बघावी तर पातळी कमी झालेली नाही, उलट वाढलेली! शेतकऱ्याला वाटे, वा, इंजिन ऑईल खातच नाही. प्रत्यक्षात चेंबरमध्ये निम्मे ऑईल आणि निम्मे रॉकेल, अशी गत असे, आणि बेअरिंग जाई. तेव्हा ध्यानात ठेवा, काडीवरची पातळी न उतरणे हेही प्रत्येक वेळी चांगले लक्षण नव्हे.

मग पेटीला भोक ठेवणे आले. फोर्डच्या १९०८ सालच्या प्रसिद्ध मॉडेल टी मोटारीत ऑईल भरायची जी नळी होती, तीच श्वासाची नळी होती. ब्रिदरचे हे साधे रूप. भोक ठेवले, वर टोपी घातली, झाले. पण नुसत्या भोकाने सगळ्या इंजिनांचे भागत नाही, हे एक-सिलिंडर इंजिनांनी दाखवून दिले. आपल्या विहिरीवर आलेली इंजिने त्याच जातीची. तेव्हा आता तिकडे वळू.

लिस्टर, सातारा आणि पुणे

इंग्लंडात ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या डर्सली गावी रॉबर्ट अ‍ॅश्टन लिस्टर यांनी १८६७ साली शेतीची अवजारे करण्याचा कारखाना काढला. याच कारखान्याने १९३० च्या सुमारास थंड असतानाही हँडल मारून सुरू होणारे डिझेल इंजिन बाजारात आणले. मोठे जड फ्लायव्हील, एक सिलिंडर, सावकाश "भक-भक" आवाज. आपल्याकडे विहिरीवर, पिठाच्या गिरणीत, गुऱ्हाळावर जे "लिस्टर टाईप" इंजिन पिढ्यान्‌पिढ्या चालले, ते याचेच वंशज. स्वातंत्र्यानंतर गुजरातेत राजकोटच्या कारखान्यांनी या नमुन्याची इंजिने मोठ्या संख्येने केली.

आता बघा, या इंजिनात काय घडते. सहा अश्वशक्तीच्या लिस्टरचे सिलिंडर साडेचार इंच रुंद आणि पिस्टनची धाव साडेपाच इंच. म्हणजे पिस्टन एकदा खाली आला की सुमारे १.४ लिटर जागा व्यापतो. तेवढी हवा चेंबरमध्ये दाबली जाते. मिनिटाला ६५० फेरे धरले तर नऊशेहून अधिक लिटर हवा दर मिनिटाला खालवर होते. दोन किंवा चार सिलिंडरच्या ट्रॅक्टरमध्ये एक पिस्टन खाली येतो तेव्हा दुसरा वर जात असतो, त्यामुळे बरीच फिट्टंफाट होते. एक-सिलिंडरवाल्याला जोडीदार नाही. त्याचा चेंबर म्हणजे लोहाराचा भाताच.

यावर लिस्टरच्या कारागिरांनी केलेला उपाय अगदी साधा होता. ब्रिदरमध्ये एक पातळ चकती ठेवली. पिस्टन खाली आला की हवेच्या दाबाने चकती उचलते आणि हवा बाहेर जाते. पिस्टन वर गेला की चकती बसते, बाहेरची हवा आत येऊ शकत नाही. दोन-चार फेऱ्यांत चेंबरमधली हवा विरळ होते, आत थोडी ओढ निर्माण होते. ही ओढच ऑईल सांभाळते! क्रँकच्या टोकाशी ऑईल बाहेर यायच्या ऐवजी बाहेरची हवा किंचित आत ओढली जाते. आपल्या पंपाच्या फुटबॉलमध्ये जी झडप पाणी मागे जाऊ देत नाही, तिचीच ही बहीण समजा.

आपल्या मातीतला इतिहासही याला लागून आहे. सातारा रोड येथे धनजीशहा कूपर यांच्या कारखान्यात १९३० नंतरच्या दशकात डिझेल इंजिने तयार होऊ लागली. हे कूपर म्हणजे १९३७ साली मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले तेच. त्या वेळी प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली वसवलेल्या किर्लोस्करवाडीचा लोखंडी नांगर आपल्या आजोबांनी वापरला. त्याच घराण्याने १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स कंपनी काढली. तिचे पाच अश्वशक्तीचे एव्ही-१ इंजिन पेटर या इंग्रजी नमुन्यावरचे. मिनिटाला १५०० फेरे, सिलिंडर ८० मिलिमीटर रुंद, धाव ११० मिलिमीटर. मोट सोडून मळ्यात इंजिन आणणाऱ्या कितीतरी घरांत पहिले यंत्र हेच आले. ब्रिटनमध्ये वंगणाच्या ऑईलची परीक्षा घ्यायलाही पेटर एव्ही-१ हेच इंजिन वापरत. इतके ते ऑईलच्या बाबतीत पारखलेले होते.

या इंजिनांबरोबर छापील पुस्तिका येत. पण पुस्तिका ट्रंकेत गेली, इंजिन मुलाकडे, मग नातवाकडे आले. मधल्या काळात कधीतरी ब्रिदरची चकती पडली. ती कशासाठी होती हे सांगणारे कोणी उरले नाही. अनेक गावांत लिस्टर टाईप इंजिन म्हणजे कडेने गळणारच, असे लोक धरून चालतात. तसे काही नाही. चकती जागेवर असेल तर ते इंजिन कोरडे राहते.

मोटारीची नळी, जीपची झडप

आता थोडा वेळ आपला मळा सोडून मोटारीच्या रस्त्याला लागू, कारण ब्रिदरची पुढची सुधारणा तिथे झाली. पूर्वीच्या मोटारींत चेंबरपासून एक नळी गाडीच्या पोटाखाली सोडलेली असे. गाडी धावली की खालून वाहणारा वारा त्या नळीतून गॅस ओढून घेई. युक्ती चांगली, पण गाडी उभी असली की वारा नाही आणि ओढही नाही. शिवाय ऑईलचे धुके सगळे रस्त्यावर. एका जागी उभे राहून चालणाऱ्या आपल्या इंजिनाला तर ही युक्ती मुळीच लागू नाही.

दुसऱ्या महायुद्धात, म्हणजे १९३९ ते १९४५ या काळात, रणगाडे आणि जीपगाड्यांना नद्या-ओढे पार करावे लागत. पोटाखाली उघडी नळी असली तर पाणी थेट चेंबरमध्ये जायचे. म्हणून चेंबरचा गॅस इंजिनाच्या हवा घेणाऱ्या नळीकडे वळवला. इंजिन स्वतःच्याच ओढीने तो शोषून घेई आणि जाळून टाकी. मध्ये एक छोटी झडप बसवली, ती किती ओढायचे याला लगाम घाली. विलीस जीपमध्ये ही झडप होती. स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्रांनी जीप जोडायला सुरुवात केली, तिचे मूळ हीच लढाईतली गाडी.

या बंद पद्धतीने एक नवी गोष्ट शिकवली. ओढ कमी पडली तर ऑईल गळते, हे ठाऊक होतेच. पण ओढ जास्त झाली तर ऑईलचे धुकेच इंजिन पिऊ लागते आणि जाळते. म्हणजे ऑईल दोन्हीकडून जाते. श्वास कोंडला तरी जाते, आणि धाप लागली तरी जाते.

लॉस एंजेलिसची भाजी

ही झडप लढाईतून घरोघरच्या मोटारीत आली ती एका अर्थाने भाजीवाल्यांच्या तक्रारीमुळे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात लॉस एंजेलिस शहराच्या आसपास १९४० नंतर एक विचित्र धुरकट धुके पडू लागले. डोळे चुरचुरत. १९४४ च्या सुमारास तिथल्या पालेभाज्यांच्या पानांवर चंदेरी-तांबूस चट्टे दिसू लागले. रोग म्हणावा तर बुरशी नाही, कीड नाही.

तिथे आरी हागेन-स्मिट नावाचे मूळचे हॉलंडचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. अननसाचा वास कशाने येतो यावर त्यांचे संशोधन चालले होते. त्यांनी या धुक्याची तपासणी केली आणि १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दाखवून दिले की मोटारी व तेल कारखान्यांतून निघालेल्या न जळलेल्या इंधनाच्या वाफा आणि नायट्रोजनचे वायू यांच्यावर ऊन पडले की हे विषारी धुके बनते. पाने जळतात ती त्यानेच.

पुढे शोध घेता कळले, की मोटारीतून निघणाऱ्या अशा वाफांचा सुमारे पाव हिस्सा सायलेन्सरमधून नव्हे, तर चेंबरच्या त्या पोटाखालच्या नळीतून येतो. मग १९६१ सालच्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियातल्या नव्या मोटारींना चेंबरचा गॅस परत इंजिनात नेणारी झडप बसू लागली, आणि १९६३ च्या मॉडेलपासून ती साऱ्या अमेरिकेत पसरली. मोटारीच्या प्रदूषणावर पडलेला हा पहिला मोठा लगाम.

पण झडप ही साफ ठेवायची वस्तू आहे. ती काजळीने चोंदली की चेंबरमध्ये दाब वाढे, सीलमधून ऑईल येई. जुन्या उघड्या नळीकडे कोणी बघितले नाही तरी चालून जाई. झडपेचे तसे नव्हते. सोय वाढली की निगाही वाढते, एवढाच त्याचा अर्थ.

आज आपल्या ट्रॅक्टरांतही हा बदल येतो आहे. भारतात १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे अधिक कडक नियम लागू झाले. नव्या इंजिनांत ब्रिदरची नळी बाहेर सोडलेली नसून फिल्टरमधून परत इंजिनात गेलेली असू शकते. अशा ट्रॅक्टरची नळी "ऑईल ओढते" म्हणून कापू नका की काढून मोकळी सोडू नका. तिचा फिल्टर कधी बदलायचा हे कंपनीच्या पुस्तकात दिलेले असते, ते पाहा.

समुद्रावरचा धडा

चेंबरमधले ऑईलचे धुके नुसते पैशाला खात नाही, ते जिवालाही धोका करू शकते. ११ सप्टेंबर १९४७ रोजी उत्तर आयर्लंडजवळच्या समुद्रात 'रैना देल पॅसिफिको' या मोठ्या जहाजाची दुरुस्तीनंतरची चाचणी चालू होती. एका इंजिनाचा पिस्टन अति तापला, त्याने चेंबरमधले ऑईलचे धुके पेटले आणि स्फोट झाला. तो शेजारच्या इंजिनांतही पसरला. २८ माणसे मेली. त्यानंतर मोठ्या जहाजी इंजिनांच्या चेंबरला दाब आपोआप सोडणारी दारे बसवण्यावर भर आला.

आपले इंजिन त्या मानाने फारच लहान. तरी बोध घ्यायचा तो घ्यावा. इंजिन जाम होऊन किंवा जास्त तापून बंद पडले, तर लगेच चेंबरचे झाकण उघडू नका. आत तापलेले धुके असते, त्याला ताजी हवा मिळाली की भडका उडू शकतो. इंजिन हाताला गार लागेपर्यंत थांबा. बिडी-काडी तर जवळ नकोच.

आता आपल्या इंजिनाचे काय करायचे?

इतका इतिहास सांगितला तो एवढ्यासाठी, की इंजिन उघडण्याआधी त्याचा श्वास तपासावा. रिंगांवर पैसे घालण्याआधी पुढील गोष्टी क्रमाने करा.

१. हिशेब ठेवा. भिंतीवर खडूने लिहिले तरी चालेल. किती डिझेल घातले, त्यात वरून किती ऑईल घालावे लागले. चांगल्या स्थितीतल्या डिझेल इंजिनाला शंभर लिटर डिझेलमागे एक लिटरच्या आतच ऑईल लागावे, असा ठोकताळा आहे. त्याहून बरेच जास्त लागत असेल तरच काळजी करा.

२. पातळी बघा. इंजिन सपाटीवर, बंद करून थोडा वेळ गेल्यावर काडी पाहा. "जास्त घातलं की जास्त दिवस पुरतं" हा समज खोटा. खूण ओलांडून भरलेले ऑईल क्रँकच्या तडाख्यात फेसाळते आणि ब्रिदरमधून उडते. जास्तीचे ऑईल असेच जाते आणि वर इंजिन तापते.

३. ब्रिदर काढून धुवा. रॉकेल किंवा डिझेलमध्ये बुडवून जाळी साफ करा, वाळवून बसवा. मळणीच्या हंगामात भुसा व धूळ बसते, तेव्हा हे काम वरचेवर करावे लागते. पावसाळ्यात इंजिन बंद पडून असते तेव्हा कुंभारीण माशी नळीत मातीचे घर करते. हंगामाच्या सुरुवातीला नळीतून तार फिरवल्याशिवाय हँडल मारू नका.

४. एक-सिलिंडर इंजिनाची चकती बघा. ती आहे का, सपाट आहे का, हलकी उचलते का, पालथी तर बसवली नाही ना? वाकलेली, चिरलेली असेल तर बदला. सगळ्या इंजिनात एवढी स्वस्त वस्तू दुसरी नसेल. चकती नसली तर ऑईल गळतेच, शिवाय पिस्टन वर जाताना बाहेरची धूळ आत ओढली जाते. ती धूळ मग खरोखरच रिंगा आणि लायनर खाते. म्हणजे चकती हरवल्याची किंमत शेवटी रिंगांनीच मोजायची.

५. ओढ तपासा. गवंडी लेव्हल घ्यायला वापरतात तसली पारदर्शक नळी घ्या. तिला इंग्रजी यू अक्षरासारखा हातभर लांबीचा बाक द्या आणि निम्मे पाणी भरा. एक टोक रबरी बुचातून काडीच्या भोकावर घट्ट बसवा, दुसरे मोकळे ठेवा. इंजिन सावकाश चालू करा. एक-सिलिंडर इंजिनात पाणी थोडे थरथरेल. इंजिनाकडच्या बाजूला पाणी चढले तर आत ओढ आहे, ब्रिदर ठीक आहे. मोकळ्या बाजूला चढले तर आत दाब आहे. ब्रिदर साफ करून परत पाहा.

६. ब्रिदर साफ, चकती बरोबर, पातळी बरोबर, आणि तरीही ब्रिदरमधून भकाभक धूर येतो, धुराड्यातून निळा धूर येतो, हँडल हलके फिरते, तर मात्र रिंगा किंवा लायनर झिजले आहेत. आता इंजिन उघडण्यात शहाणपण आहे. ब्रिदर हा नाडी दाखवणारा वैद्यही आहे, बरं का.

७. ब्रिदरमध्ये चिंधी कधीही कोंबू नका. ऑईलचे शिंतोडे उडतात म्हणून पुष्कळ ठिकाणी हे करतात. त्याने शिंतोडे थांबतात आणि गळती सुरू होते.

८. ब्रिदरची नळी हवेच्या फिल्टरला जोडलेली असेल, तर फिल्टरही साफ ठेवा. तो चोंदला की इंजिन हवेऐवजी चेंबरमधून ऑईल ओढू लागते. ऑईल फार भरलेले असले तर डिझेल बंद करूनही इंजिन ऑईलवरच सुसाट पळू शकते. अशा वेळी फिल्टरच्या तोंडावर सपाट फळी दाबून हवा बंद करावी. हात लावू नये, फ्लायव्हीलच्या रेषेत उभे राहू नये.

९. इंजिन विहिरीवर असेल तर ब्रिदरची नळी पाण्याच्या दिशेला सोडू नका. त्यातून टपकणारे ऑईल पाण्यावर तवंग धरते आणि तेच पाणी जनावरे पितात. खाली डबा टांगा. तसेच विहिरीच्या आत, खळग्यात उतरवून इंजिन चालवू नका. धुराड्याच्या आणि ब्रिदरच्या गॅसाने आत उतरलेल्या माणसाचा जीव जातो, आणि त्याला काढायला उतरलेल्याचाही.

आज बऱ्याच विहिरींवर विजेची मोटार आली, सौर पंपही येत आहेत. तरी नदीकाठी, वीज न पोचलेल्या शिवारात, जनित्रावर, ट्रॅक्टर आणि पॉवर टिलरमध्ये इंजिन आहेच. उघड्या क्रँकपासून आजच्या ट्रॅक्टरच्या फिल्टरपर्यंत दीडशे वर्षांत इंजिन पुष्कळ बदलले. पण स्फोट वर होतो, थोडा गॅस खाली उतरतो आणि त्याला बाहेर जायला वाट लागते, हे काही बदललेले नाही. ती वाट मोकळी आहे की नाही, हे बघायला एक पाना, वाटीभर रॉकेल आणि अर्धा तास पुरतो. येत्या पाळीचे पाणी सुरू करण्यापूर्वी तो अर्धा तास काढा. मिस्त्रीला बोलवायचे की नाही, हे त्यानंतर ठरवा.